मुंबईहून नागपूर किती लांब?

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. रेल्वेने गेलात तर हेच ८३७ किलोमीटर भरतं, कारण रूळ घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला करत जातात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. पण तो मुंबईत सुरू होत नाही आणि नागपूरच्या भरवस्तीत संपतही नाही. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरच्या वेशीवरच्या शिवमडक्यापर्यंतचं ते माप आहे. विमानाच्या तिकिटावर किलोमीटर नसतातच. तिथे वेळ छापलेली असते. दीड तास, कधी एक तास चाळीस मिनिटं.

माझं माहेर नागपूरला, प्रतापनगरात, आणि संसार कल्याणला. आईबाबा सत्तरीच्या पुढे गेले तसे हे आकडे माझ्या रोजच्या विचारात येऊन बसले. लोक सहज म्हणतात, ‘आता काय, दीड तासात पोचतेस.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण हे वाक्य मला पटत नाही. नागपूर किती लांब आहे हे तुम्ही तो प्रश्न किती वाजता विचारता यावर ठरतं, असं माझं मत झालेलं आहे. ते कसं झालं ते सांगते.

आधी त्या दीड तासाचंच बघू. यातला साधारण एक तास, फार तर पाच-दहा मिनिटं वर, विमान प्रत्यक्ष हवेत असतं. वेळापत्रकात छापतात तो ‘ब्लॉक टाइम’. विमान उभं असताना चाकांच्या पुढेमागे ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक्स म्हणतात. ते काढून विमान हललं की वेळ मोजायला सुरुवात, आणि दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा ठोकळे लागले की मोजणी संपली. खिडकीची जागा मिळाली की मी हे बघते. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला एक जण खाली वाकतो, दोरी धरून ठोकळे बाहेर ओढतो, बाजूला नेऊन ठेवतो, आणि मग दोन्ही हात वर करून वैमानिकाला दाखवतो की चाकं मोकळी झाली. माझ्या प्रवासातली अधिकृत वेळ त्याच्या हातातून सुरू होते. कल्याणहून निघून मला तोवर चार तास झालेले असतात.

हवेतल्या तासातही विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ जातं. सुरुवातीची वीसेक मिनिटं चढण्यात जातात, शेवटची वीस-पंचवीस उतरण्यात. मधला जेमतेम अर्धा तास काय तो सरळ, ताशी आठशेच्या घरातल्या वेगाने. चहाची गाडी मागच्या रांगांपर्यंत पोचते न पोचते तोच खुर्च्या सरळ करायला सांगतात.

जाताना आणि येताना वेळ सारखी लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं आणि तेव्हापासून मी त्याकडे कौतुकाने बघत आले आहे. हिवाळ्यात त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाणाऱ्या विमानाच्या पाठीशी वारा असतो आणि परतताना तो समोरून येतो. पावसाळ्यात चित्र उलटतं. खाली, आपल्या अंगाला लागणारा मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येत असतो, पण दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर त्याच दिवसांत पूर्वेकडून वारा सुटलेला असतो. दक्षिण भारतावर तर तो इतका जोरकस असतो की त्याला स्वतंत्र नाव आहे, पूर्वीय जेट प्रवाह. १९५८ साली पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी त्यावर मूलभूत लेखन केलं. श्रावणात माहेरी जाऊन परत निघालं की हा वारा मला मुंबईकडे ढकलत असतो. फरक काही मिनिटांचाच असतो. पण आभाळात ऋतूप्रमाणे दिशा बदलणारी एक वाट आहे, एवढं माहीत असलं तरी खिडकीतून बाहेर बघायला वेगळं वाटतं.

मिनिटं वाचली तरी ती मुंबईत बहुधा खर्च होतातच. मुंबई विमानतळावर धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. दिवसाला नऊशेहून जास्त विमानं या व्यवस्थेतून चढतात-उतरतात. मग एखाद्या संध्याकाळी वैमानिक सांगतो की उतरायला परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालाव्या लागतील. खाली सह्याद्रीची धार दिसत असते, मुंबईला पाणी पाजणारे तलाव दिसत असतात, आणि कधीकधी तर आमचं कल्याण, खाडीच्या वळणासकट. घर अगदी पायाखाली असतं. त्यानंतर विमान घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून खाली येतं, सामान येतं, आणि मी मेट्रोने एक स्टेशन मरोळ नाक्याला, तिथे गाडी बदलून घाटकोपरला, घाटकोपरहून लोकलने कल्याणला पोचते. दोन तास. आकाशात नागपूरहून इथवर यायला याच्या निम्माच वेळ लागलेला असतो.

प्रतापनगरात मात्र विमानतळ म्हणजे शेजार आहे. सोनेगाव आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हा उतरणाऱ्या विमानाचे दिवे डोक्यावरून जायचे. आजोबा त्या आवाजाने उठून बसत आणि पुन्हा आडवे होत. ते टपाल खात्यात होते, आरएमएसमध्ये, म्हणजे टपालाची गावांप्रमाणे वर्गवारी करणाऱ्या शाखेत. त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षं सोनेगावच्या रात्रपाळीत गेली.

ही गोष्ट नागपुरात जुन्या लोकांना ठाऊक आहे, बाहेर फारशी नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला येऊन उभी राहायची. टपालाची पोती एकातून दुसऱ्यात जायची, प्रवासीही विमान बदलायचे, आणि पहाट व्हायच्या बेतात चारही विमानं आपापल्या गावी परत निघायची. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला जायचं. त्याच वर्षी टपाल खात्याने साधी पत्रंसुद्धा जादा आकार न घेता विमानाने न्यायला सुरुवात केली होती. नागपूरची निवड झाली ती देशाच्या मधोमध असल्यामुळे. डाकोटा विमानांना एका रात्रीत चारही शहरांहून येऊन परत जाता येईल अशी दुसरी जागा नव्हती. ही सेवा १९७३ पर्यंत चालली.

आजोबा सांगायचे ते मला आवाजाच्या अंगाने आठवतं. आधी एक घरघर लांबून, मग दुसरी दुसऱ्या दिशेने. कुठलं विमान आलं हे ते न बघता ओळखत. दिव्याखाली लांब टेबल, त्यावर रिकामी होणारी पोती, आणि हात गावांची नावं वाचत वाचत चालतात. बाबा सांगतात की आजोबा पहाटे सायकलने घरी येत तेव्हा त्यांच्या अंगाला गोणपाटाचा आणि लाखेचा वास असे.

त्या वर्षांत मध्यरात्री देशात सगळ्यांत जवळचं गाव कुठलं असेल तर ते नागपूर होतं. दिल्लीपासून जवळ, मद्रासपासून जवळ, मुंबईपासूनही. दुपारी तेच गाव पुन्हा आपल्या जागी, रेल्वेने रात्रभराच्या वाटेवर. जागा बदलली नव्हती, फक्त घड्याळ पुढे गेलं होतं.

घड्याळाची गोष्ट निघाली आहे तर सूर्याचंही सांगायला हवं. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडं जास्त आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे नागपूरला सूर्य साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. घड्याळं दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, ही एका देशात एकच वेळ मानायची सोय. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आमच्याकडे हा फरक रोज संध्याकाळी फोनवर दिसतो. आई विचारते, ‘दिवा लावला का?’ तिच्या मागे तुळशीशी अंधार झालेला असतो आणि माझ्या ओट्यावर अजून ऊन असतं. तिच्यात आणि माझ्यात किती अंतर आहे हे मला नकाशापेक्षा त्या उन्हात जास्त कळतं.

रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या कंपनीची. ती वाट अजून तीच आहे आणि माझा जीव अजून त्याच वाटेवर आहे. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी मुंबईहून निघते, कल्याणला माझ्या घरापासून दहा मिनिटांवर थांबते आणि सकाळी नागपूरला सोडते. कसाऱ्याला गाडी थांबली की मागे जादा इंजिनं लागतात. एक हलका धक्का बसतो आणि थळ घाटाची चढण सुरू होते. नाशिक रोडला जेवणाचे डबे उघडतात. जळगाव-भुसावळला चढणाऱ्यांच्या बोलण्यात अहिराणी ऐकू येते. शेगाव आलं की वरच्या बर्थवरून एखादे आजोबा झोपेतून उठून हात जोडतात आणि खाली कुणीतरी कचोरीवाल्याला हाक मारत असतं. अकोल्यापुढे ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिली’ सुरू होतं. बडनेऱ्यापर्यंत उजाडायला लागतं. वर्ध्याला तोंड धुऊन होतं. विमानात हे सगळं ढगाखाली राहून जातं. मी विमानाच्या विरोधात नाही. पण महाराष्ट्र एवढा मोठा आहे आणि त्यात एवढी मराठी आहे, हे मला त्या खिडकीने शिकवलं.

या लांबीचं एक राजकीय दुखणंही आहे आणि ते खोटं नाही. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा विदर्भातल्या माणसाचा अर्ज आणि त्यावर सही करणारं टेबल यांच्यात एक अख्खी रात्र येऊन पडली. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं ते याच जाणिवेतून. दर हिवाळ्यात सरकार ते अंतर उलट बाजूने कापतं. मात्र त्या दिवसांत मला माहेरचं तिकीट परवडेनासं होतं.

आता ज्या रात्री माझं सुरुवातीचं ते मत झालं, तिच्याबद्दल. अकराच्या सुमारास आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखत होतं, घाम फुटला होता आणि शेजारचे काका त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेत होते. मी उभ्या उभ्या फोनवर विमानं शोधायला लागले. मुंबईहून नागपूरचं रात्रीचं शेवटचं विमान निघून गेलेलं होतं. विदर्भ, हावडा मेल, दोन्ही गाड्या कल्याणवरून पुढे गेलेल्या. नवरा म्हणाला, गाडी काढू, समृद्धीने सकाळी पोचू. आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो. १ जुलै २०२३ च्या पहाटे त्याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले, ती बातमी आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर होती. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता, आणि चालवणारा दिवसभर काम करून थकलेला. मी नाही म्हटलं. पहाटेच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढलं.

मग तीन वाजेपर्यंत काहीच करता येत नव्हतं. मी बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. आईचे फोन येत होते: ईसीजी झाला, डॉक्टर आले, आत नेलं. तीनला टॅक्सी. रिकाम्या रस्त्यांवरून विमानतळ पाऊण तासात आला, जो एरवी दोन तासांत येत नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी असताना आईने सांगितलं की धमनीतला अडथळा काढून स्टेंट बसवला आहे आणि बाबा शुद्धीवर आहेत. विमान वेळेवर निघालं. हवेत तास-सव्वा तास. समोरून सूर्य उगवत होता आणि आम्ही त्याच्याकडेच जात होतो. दवाखान्याच्या पायऱ्या चढले तेव्हा आठ वाजून गेले होते.

आईच्या फोनपासून बाबांच्या पलंगापर्यंत नऊ तासांवर वेळ लागला. तेवढ्या वेळात विदर्भ एक्स्प्रेसने मी बडनेऱ्याच्या आसपास पोचले असते. फोन संध्याकाळी सहाला आला असता तर रात्री बाराच्या सुमारास तिथे असते. अंतर तेच, विमान तेच, फोनची वेळ तेवढी वेगळी. दूर राहणाऱ्या प्रत्येक मुलीला, मुलाला हे आतून माहीत असतं. रात्री शेवटचं विमान निघून गेल्यावर फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो तो याच कारणाने.

बाबा मला बघून म्हणाले, ‘काहून आली एवढी धावत? मी बरा आहो न.’ आवाज बारीक होता, पण सूर नेहमीचा. आईला मी पाच मिनिटं बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. ती रात्रभर उभी होती.

त्यानंतर मी वेगळा हिशेब ठेवायला लागले. वीस रुपयांची वही आहे, त्यात दोन रकाने: मुंबईहून शेवटचं काय निघतं आणि पहिलं काय. वेळापत्रक बदललं की खोडून नवीन लिहिते. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं वेगळी असतात, मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस बदलतात, तेव्हा वही आवर्जून उघडते. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्यासाठी एक पान वाढवलं आहे. शेजारच्या काकांचा आणि त्यांच्या मुलाचा नंबर पहिल्याच पानावर आहे. खरं तर त्या रात्री बाबांना वाचवलं ते प्रतापनगर ते दवाखाना या तीन-चार किलोमीटरने. बाकीचे ६८० माझे होते, त्यांचे नव्हते.

समृद्धीबद्दल माझं मत त्या रात्रीवरून बनवू नये, म्हणून पुढे एकदा आम्ही दिवसाउजेडी त्या रस्त्याने गेलो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. ज्या घाटात रेल्वेला मागून इंजिनं लावावी लागतात, तिथून गाडी सपाटीवरून गेल्यासारखी पलीकडे जाते. पूर्वी नागपूरला रस्त्याने जायचं तर सोळा तास धरायचे, आता आठ. मधे थांबत, चालक बदलत गेलो. चांगला रस्ता आहे. मी रात्री मात्र कुणालाही त्यावर एकट्याने पाठवणार नाही.

माझा मामा अमरावतीला असतो. तिथलं बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं आणि मुंबईचं विमान आलं, पंख्याचं, एटीआर. मामाला आनंद झाला होता. पाऊण आयुष्य त्याने अमरावतीला विमान नाही म्हणून नागपूर गाठण्यात घालवलेलं. पण विमान रोज नव्हतं, आठवड्यातले काहीच दिवस. त्याच्या डोळ्याची तपासणी परळला ठरली आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आसपास बेलोऱ्याहून काही निघत नव्हतं. त्याने मला फोन करून विचारलं, तारीख बदलून घेऊ का. मी म्हटलं, नको, मोतीबिंदू पिकू देऊ नये. मग तो अमरावती एक्स्प्रेसने आला. पहाटे मी कल्याण स्टेशनवर गेले. त्याच्या हातात पिशवी होती, तिच्यात आईने बाबांच्या औषधांच्या चिठ्ठ्या माझ्यासाठी पाठवल्या होत्या, इथल्या डॉक्टरांना दाखवायला.